आजींना हिमालय दाखवायचाय? मग मे महिना सोडा

पत्र

स. न. वि. वि.

मी यावल तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका आहे. येत्या जुलैअखेर निवृत्त होतेय. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. माझ्या निवृत्तीची भेट म्हणून तो आम्हाला सिमला-मनालीच्या सात दिवसांच्या टूरवर पाठवणार म्हणतो, तेही याच मे महिन्यात, कारण तेव्हा मला सुट्टी असते. त्याचं मन मोडवत नाही, पण मला गर्दीत फिरायचं नाही. आयुष्यभर चाळीस-पन्नास पोरांच्या गलक्यात गेले. आता चार दिवस कुठेतरी शांत बसून बर्फाचे डोंगर बघावेत एवढीच इच्छा आहे.

सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. त्या कित्येक वर्षांपासून म्हणताहेत, “माले येकदा बरफाचा डोंगर पाह्याचा.” त्यांचे वडील फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनात स्वयंसेवक होते, त्या गोष्टी त्या अजून सांगतात. त्यांना न्यावं का, की त्या वयात धोका आहे? नातेवाईक म्हणतात, नेऊ नका. मिस्टरांचं तर एकच पालुपद, “कापूस-केळी कोण बघेल?” आम्ही दोघं कधी आठ दिवस घराबाहेर राहिलेलो नाही.

कुठे जावं, कधी जावं, टूरबरोबर की आपले आपण, आणि मुलाला काय सांगावं, तुम्हीच सांगा.

— एक शिक्षिका, यावल तालुका

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी थेट सांगते, मग कारणं. मे महिन्यात जाऊ नका. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जा. सिमला-मनाली नको, उत्तराखंडातल्या कुमाऊँमधलं कौसानी धरा. तिथे पाच रात्री एकाच खोलीत राहा. टूरबरोबर जाऊ नका. आणि सासूबाईंना न्याच.

मे महिन्याचं आधी बोलू, कारण तुमच्या घरातला अर्धा गुंता तिथेच आहे. भुसावळ-जळगावात पारा पंचेचाळिशीला टेकला की कुणालाही थंड हवेची आठवण येते, मुलाचं काही चुकलेलं नाही. पण त्याच दिवसांत सारा उत्तर भारत डोंगरावर चढतो. सिमल्यात, मनालीत, नैनितालला गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. तुम्हाला ज्या गलक्यातून सुटायचंय, तोच तिथे भेटेल, वर हॉर्न असतील.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मे महिन्यात हिमालय बरेच दिवस दिसतच नाही. खालच्या मैदानातली धूळ हवेत चढलेली असते, आणि कुमाऊँच्या चीडच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलांना त्या दिवसांत वणवे लागतात. चीडच्या वाळक्या सुया जमिनीवर पसरलेल्या असतात, त्यांना तिकडे पिरूल म्हणतात, आणि त्या ठिणगी पडायचा अवकाश की पेटतात. २०२४च्या जूनमध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात असाच वणवा विझवायला गेलेल्या वनकर्मचाऱ्यांचे जीव गेले. अशा दिवसांत समोर सगळं राखाडी असतं. आजींना इतक्या लांब नेऊन खिडकीतून धुरकट आभाळ दाखवायचं, हे मला तरी पटत नाही.

पावसाळा तर विचारातही घेऊ नका. जुलै-ऑगस्टला तिकडे दरडी कोसळतात, रस्ते बंद पडतात. पाऊस सप्टेंबरच्या अखेरीस आवरतो. तो हवेतली सगळी धूळ धुऊन काढतो आणि त्यानंतर कोरडी, स्वच्छ हवा सुरू होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिखरं सगळ्यात लख्ख दिसतात. पण ऑक्टोबरात दुर्गापूजेच्या सुट्टीला बंगालमधून पर्यटक येतात, त्यांचं कौसानीवर फार प्रेम. दिवाळीला लागून गुजरातची मंडळी निघतात. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडल्या की डोंगर मोकळा होतो. आजवर तुमच्यासाठी ते दिवस बंद होते, कारण शाळा तुमचीही उघडायची. आता तुम्हाला सुट्टी बघायची गरज नाही. निवृत्तीचा पहिला फायदा हाच घ्या.

आता दाजींचं. त्यांची काळजी मला अजिबात खोटी वाटत नाही. शेती सोडून जाताना पाय निघत नाही, हे आपल्याकडे घराघरात आहे. पण त्यांच्याच बाजूने विचार केला तरी मे महिना वाईट ठरतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) साल बदलतं. जुना गेला असला तर नवा माणूस अजून शेताचे बांध ओळखायला लागलेला नसतो. केळीला उन्हाच्या तडाख्यात पाण्याची एक पाळी चुकून चालत नाही, वीज कधी रात्री बाराला येते तर कधी पहाटे. वर मे-जूनच्या वादळाची धास्ती असतेच, एका संध्याकाळी उभा बाग आडवा होतो. अशा वेळी ते मनालीला असले तरी सगळं लक्ष मोबाईलवरच राहील.

नोव्हेंबरच्या मध्यावर चित्र वेगळं असतं. ठिबकवरच्या आगाप कापसाच्या पहिल्या वेचण्या होऊन गेलेल्या असतात. केळीच्या कांदेबागाची लावण बहुतेक ठिकाणी उरकलेली असते, थंडीमुळे पाण्याची ओढ कमी असते. आणि सालदाराला आखाजीपासून सहा महिने झालेले असतात, कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा हे त्याला न सांगता कळतं. वेचणीच्या मजुरांचं आणि मापाचं बघायला भावकीतला एखादा विश्वासाचा माणूस दहा दिवस लागेल. तो आत्ताच ठरवा, आणि दाजींनी त्याच्यासाठी पुढे दहा दिवस द्यायचे असं बोलून ठेवा. “कोण बघेल?” या प्रश्नाला नाव मिळालं की माणूस मोकळा होतो. एक आठवण करून देते. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तुमचं प्रकरण नवीन आहे, तरी बँकेत विचारून घ्या आणि लागत असेल तर निघण्याआधी देऊन टाका.

कौसानीच का? शांत ठिकाणं हिमालयात आणखी आहेत. लॅन्सडाऊन छान आहे, कोटद्वार स्टेशनपासून घाटाचा रस्ताही थोडका आहे, पण दिल्लीहून जवळ असल्याने शनिवार-रविवारी भरतं, आणि बर्फाची शिखरं तिथून लांब पडतात. मुक्तेश्वर मला स्वतःला फार आवडतं, पण ते जास्त उंच आणि जास्त गार, आजींच्या गुडघ्यांना चढ-उतार खूप. कौसानी डोंगराच्या एका धारेवर वसलेलं लहानसं गाव आहे, साधारण १,८९० मीटर उंचीवर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच, पण विरळ हवेचा त्रास सहसा अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो, त्याच्या बरंच खाली. आणि मुख्य म्हणजे बघण्यासाठी कुठे चढून जावं लागत नाही. खोलीच्या गच्चीत खुर्ची टाकली की उत्तरेला समोर त्रिशूळ, ७,१२० मीटर. त्याच्या उजवीकडे मागे नंदादेवी, ७,८१६ मीटर, आणि आणखी पूर्वेला पंचाचूलीची पाच टोकं. मध्ये गरुड गावाचं खोरं खोल पसरलेलं, त्यामुळे शिखरांच्या आड काही येत नाही.

दुसरं कारण तुमच्या पत्रातच आहे. फैजपूरचं अधिवेशन १९३६ सालचं, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. त्याच्या सात वर्षं आधी, १९२९च्या जूनमध्ये, गांधीजी कौसानीला येऊन राहिले होते. आले होते विश्रांतीला, पण तिथे बसून त्यांनी आपल्या गीतेच्या गुजराती भाषांतराची प्रस्तावना लिहिली. ज्या बंगल्यात ते राहिले, तो आज अनासक्ती आश्रम म्हणून ओळखला जातो. संध्याकाळी तिथे प्रार्थना होते, अंगणातून तीच शिखरं दिसतात. तीन वर्षांनी, १९३२ साली, विनोबांनी आपल्या धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे तुम्ही वर्गात शिकवलंही असेल. ज्या बाईचे वडील फैजपूरला स्वयंसेवक होते, तिला त्या अंगणात नेऊन बसवा. सिमल्याच्या माल रोडवरच्या दुकानांपेक्षा तिला तिथे जास्त सापडेल.

तुमच्यासाठीही तिथे एक जागा आहे. गांधीजींच्या इंग्रज शिष्या सरलाबेन यांनी १९४६ साली कौसानीत मुलींसाठी लक्ष्मी आश्रम काढला. नई तालीमच्या वाटेने चालणारी शाळा, शेती, गाई, विणकाम आणि पुस्तकं एकत्र. पुढे चिपको आंदोलनात उभ्या राहिलेल्या काही कार्यकर्त्या तिथे घडल्या. आधी कळवून, परवानगी घेऊन जा, कारण तिथे मुली राहतात, ते बघण्याचं ठिकाण नव्हे. वाट थोडी चढाची आहे, तेव्हा आजींना खोलीवर ठेवून तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल. शाळा सोडल्यानंतरची पहिली शाळा म्हणून ती बघा.

आता प्रवास. भुसावळहून दिल्लीला गाड्यांची कमतरता नाही. पंजाब मेल, झेलम, गोवा एक्सप्रेस, तुमच्या सोयीची वेळ बघून घ्या. दिल्लीहून काठगोदामला दोन चांगल्या गाड्या आहेत. शताब्दी सकाळी निघते आणि दुपारच्या आत पोचवते. रानीखेत एक्सप्रेस रात्री निघते आणि पहाटे पोचवते. जाताना शताब्दी घ्या. लांबच्या प्रवासानंतर दिल्लीत एक रात्र स्टेशनजवळ झोप होईल, आजींना ती लागेलच. पण त्या रात्रीचा उपयोग फक्त झोपेसाठी करा. नोव्हेंबरात दिल्लीची हवा अतिशय खराब असते, लाल किल्ला-कुतुबमिनार दाखवायच्या मोहात पडू नका. तिघांकडे एन-९५ मास्क ठेवा आणि स्टेशन ते खोली, खोली ते स्टेशन एवढंच फिरा.

काठगोदामला उतरल्यावर त्याच दिवशी कौसानी गाठू नका. रस्ता सुमारे १४० किलोमीटरचा आहे, पण तो डोंगरातला, सहा तास सहज जातात, आणि नोव्हेंबरात साडेपाचच्या आत दिवस मावळतो. वीसेक किलोमीटरवर भीमताल आहे, तिथे तळ्याकाठी रात्रीचा मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून निघा. भवालीच्या पुढे अल्मोड्याच्या रस्त्यावर नीम करोली बाबांचं कैंची धाम लागतं. अलीकडे तिथे दर्शनाला इतकी गर्दी होते की शनिवार-रविवारी वाहनं तासन् तास अडकतात. म्हणून आठवडा असा बसवा: घरून रविवारी निघा, सोमवारी दिल्ली, मंगळवारी शताब्दीने भीमताल, बुधवारी कौसानी. बुधवारी सकाळी कैंची ओलांडायला फारसा त्रास होत नाही. आजींना दर्शन घ्यायचं असेल तर त्याच वेळी पटकन होईल. परतताना पुढच्या सोमवारी सकाळी कौसानी सोडा, संध्याकाळपर्यंत काठगोदाम, आणि रात्रीची रानीखेत एक्सप्रेस. शिखरांच्या बाजूच्या पाच सकाळी तुमच्या हाताशी राहतील: गुरुवार ते सोमवार. एक-दोन दिवस ढग आले तरी बाकीचे उरतात. सात दिवसांत चार गावं दाखवणाऱ्या टूरमध्ये हीच सोय नसते. एका गावात एकच सकाळ मिळते, आणि त्या सकाळी ढग असले की संपलं.

गाडी दिल्लीहून करू नका, काठगोदाम किंवा हल्द्वानीहून तिथल्याच माणसाची टॅक्सी करा. पहाडी चालक वळणावर हॉर्न देतो, चढणाऱ्या गाडीला आधी वाट देतो, आणि अंधार पडायच्या आत पोचायचं हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. शेअर जीप स्वस्त पडते, पण तिच्यात आजींना पाय लांब करता येणार नाहीत. इथे पैसे वाचवू नका. आजींना पुढच्या सीटवर बसवा, वळणांनी मळमळणं त्यामुळे खूप कमी होतं. उलटीची गोळी चालेल का ते निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, कारण बीपीचं औषध चालू आहे. उपाशीपोटी घाट चढू नये, आणि पुरी-भाजी भरपेट खाऊनही नाही. दशमी आणि चटणी एवढंच बरं.

खोलीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण म्हाताऱ्या माणसाची सहल बिघडते ती बहुतेक इथेच. पहाडात हॉटेलं उतारावर बांधलेली असतात. रस्त्यावरून आत शिरलात की तुम्ही इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर असता आणि खोल्या खाली, दरीच्या अंगाला उतरत जातात. “ग्राउंड फ्लोअरची खोली” असं सांगून घेतलीत तर ती रस्त्यापासून चाळीस पायऱ्या खाली निघू शकते. खाली उतरताना कुणाला काही वाटत नाही. जेवायला वर यायचं म्हटलं की गुडघे बोलतात. म्हणून स्वतः फोन करून हिंदीत सरळ विचारा, “सड़क से कमरे तक कितनी सीढ़ियाँ हैं, और खाना कहाँ मिलेगा?” पायऱ्या पाच-सातच्या वर असतील तर दुसरीकडे बघा. कमोड आहे का, गिझर आहे की बादलीने पाणी देतात, शिखरं खोलीतून दिसतात की गच्चीवर जावं लागतं, रात्री जादा रजई मिळेल का, हेही त्याच फोनवर. कुमाऊँ मंडल विकास निगमचं पर्यटक निवासही कौसानीत आहे. सरकारी, साधं, पण जागा उत्तम. अनासक्ती आश्रमातही राहण्याची सोय असते, पण तिथली शिस्त पाळावी लागते आणि सोयी मोजक्या असतात, आजींसाठी मी हॉटेल किंवा निगमच निवडेन.

धोक्याबद्दल नातेवाईक म्हणतात त्यात प्रेम आहे, पण त्यांच्यासमोर केदारनाथ-अमरनाथ आहे. ही तशी यात्रा नाही. निघण्याच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडे नेऊन बीपी, साखर, ईसीजी करून घ्या. गोळ्या मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त, दोन वेगळ्या पिशव्यांत, आणि चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये. दवाखाना लागलाच तर बागेश्वर आणि अल्मोडा ही जिल्ह्याची गावं आहेत, रुग्णवाहिकेचा नंबर तिथेही १०८. पण डॉक्टर नाही म्हणाले तर ऐका, मग हट्ट करू नका.

थंडीला घाबरू नका, तयारी मात्र करा. धुळ्या-जळगावची पौषातली थंडी तुम्हाला ठाऊक आहे. तिकडे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रात्री पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो, दुपारी उन्हात स्वेटरही नको होतो. आजी लुगडं नेसत असतील तर नेसू द्या, आतून गरम पायजमा आणि वर लांब बाह्यांची गरम बंडी. चप्पल मात्र नको. अंगठा वेगळा असलेले लोकरीचे मोजे घेतले तरी पायात बंद, न घसरणारे बूट हवेतच, आणि ते इथेच महिनाभर आधी घेऊन घरात वापरायला लावा. नवे बूट डोंगरात चावतात. कानटोपी आणि गरम पाण्याची रबरी पिशवीही न्या, रात्री रजईत पायाशी ठेवायला तिच्यासारखं काही नाही.

मग पाच दिवस करायचं काय? फार काही नाही, आणि त्यासाठीच तर निघालात. सकाळी साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, पण त्याच्या आधी दहा-पंधरा मिनिटं खोरं पूर्ण अंधारात असताना त्रिशूळाच्या टोकाला उजेड लागतो. आधी गुलाबी, मग नारिंगी, आणि तो रंग हळूहळू शिखरावरून खाली उतरत येतो. आपल्या पायाशी ऊन यायला त्यानंतरही बराच वेळ जातो. तेवढ्यासाठी पहाटे उठा. आजींना रजईसकट खुर्चीत बसवा, हातात चहा द्या, आणि फोटो काढायच्या आधी दहा मिनिटं तुम्हीही नुसत्या बघा. दहा-अकरानंतर बऱ्याचदा ढग चढतात, म्हणून सकाळ कधीही टॅक्सीत घालवू नका.

एक दुपार बैजनाथला द्या. पंधरा-सतरा किलोमीटरवर, गोमतीच्या काठी, कत्यूरी राजांच्या काळातली दगडी देवळं आहेत, आतली पार्वतीची मूर्ती डोळ्यांत भरते. नदीत बांधलेल्या पाण्यात मोठाले मासे असतात, लोक त्यांना खायला घालतात, आजी तिथे तासभर रमतील. दाजींना वाटेतली शेती दाखवा. पायऱ्या-पायऱ्यांची खाचरं, बैलाने नांगरलेला हातभर तुकडा, आणि चाऱ्याचे भारे डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बाया. शेतकऱ्याला शेतकऱ्याशी बोलायला भाषा लागत नाही. ताकद असेल तर पुढे बागेश्वरपर्यंत जा. गोमती आणि सरयूचा तिथे संगम आहे. त्याच घाटावर १९२१च्या उत्तरायणीच्या (मकर संक्रांतीच्या) जत्रेत कुमाऊँच्या लोकांनी वेठबिगारीच्या वह्या सरयूत बुडवल्या आणि इंग्रजांची कुली-बेगार मोडली. कवी सुमित्रानंदन पंत कौसानीतच १९०० साली जन्मले, गावातलं त्यांचं घर आता संग्रहालय आहे, अर्ध्या तासात होतं. याहून जास्त ‘पॉइंट’ कुणी सुचवले तर हसून नाही म्हणा.

जेवणाची चिंता करू नका. मंडुवा म्हणजे आपली नाचणी, त्याची रोटी मिळते. गहत म्हणजे कुळीथ, त्याचं पातळ वरण थंडीत फार चांगलं लागतं. आलू के गुटके, काळ्या भट्टाची (काळ्या सोयाबीनची) चुडकाणी, भांगेच्या बियांची चटणी (नशा नसते, आजींना निःशंक द्या) हे आदल्या दिवशी सांगितलं तर करून देतात. मेनूकार्डवर पनीर असतं, ते सोडून घरचं मागा. परतताना अल्मोड्याची बाल मिठाई घ्या, खव्याची असल्याने चार-पाच दिवसांत संपवा. आपल्याकडून तिळाची-शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेल्या पापडाचा डबा न्या. नोव्हेंबर म्हणजे भरिताचे दिवस, ते आठ दिवस हुकतील हे खरं आहे. बामणोदची वांगी तुम्ही येईपर्यंत थांबतील.

थोडी रोकड जवळ ठेवा, लहान गावातल्या एटीएमवर विसंबू नका. आणि प्लास्टिकचा कचरा पिशवीत जमा करून खाली हल्द्वानीपर्यंत परत आणा. कौसानीची धार लहान आहे, तिथे टाकलेलं सगळं खालच्या खोऱ्यातल्या झऱ्याला जातं आणि त्या झऱ्यावर कुणाचं तरी पिण्याचं पाणी असतं.

राहिला मुलगा. त्याला नाही म्हणायची वेळच येऊ देऊ नका. त्याला भेट द्यायची आहे, तर ती घ्या, फक्त गाव आणि महिना तुमचा. फोनवर सांगू नका, मेचं बुकिंग करायच्या आधी त्याला घरी बोलवा आणि आजींना शेजारी बसवून सांगा. त्यांच्या तोंडून ऐकलं की तो सिमला विसरेल. मग सगळी तिकिटं त्यालाच काढू द्या. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यासाठी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी आठला. ज्येष्ठांची भाडेसवलत २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे, त्यात पंचेचाळीसच्या पुढच्या बायका येतात. तो एका तिकिटावर दोघांपुरताच लागतो, म्हणून तुम्ही आणि सासूबाई एका तिकिटावर, दाजींचं वेगळं. त्याला रजा मिळत असेल तर शुक्रवारी रात्री दिल्लीहून निघून शनिवार-रविवार तोही तुमच्याजवळ येऊ शकतो. चौथी खुर्ची लागेल, एवढं हॉटेलवाल्याला आधी सांगून ठेवा.